आजोबांचा ड्युपाँ लायटर: दुरुस्त करायचा की नाही?

आमच्या घरात आता कुणी सिगारेट ओढत नाही. आजोबा ओढायचे, आणि शेवटची दोन वर्षं त्यांना जिना चढतानाही दम लागायचा. त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या ट्रंकेतून एस. टी. ड्युपाँचा सोनेरी लायटर निघाला, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "विकून टाक." आजी मात्र म्हणाली, "चालू होतोय का बघ की रे."

ड्युपाँ ही १८७२ सालची फ्रेंच कंपनी, आधी चामड्याच्या बॅगा बनवणारी. १९४१ मध्ये तिचा पहिला लायटर आला. कंपनी त्याचं श्रेय पतियाळाच्या महाराजांच्या ऑर्डरला देते. आमचा गॅसवाला आहे, म्हणजे १९५२ नंतरचा.

कोडमध्ये बग आला की आधी तो कुठल्या भागात आहे ते वेगळं करतो. इथेही तसंच. लायटरमध्ये दोन स्वतंत्र यंत्रणा असतात: ठिणगी पाडणारी आणि गॅस धरून ठेवणारी. एक बिघडली म्हणजे दुसरीही गेली असं नाही.

ठिणगीचा खडा म्हणजे लोखंड आणि सेरियमसारख्या धातूंचा मिश्रधातू. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी तो १९०३ मध्ये शोधला. वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याचा भुगा होतो आणि चाक अडकतं. आमचं तेच झालं होतं. नवी पेठेतल्या एका घड्याळवाल्या काकांनी भुगा काढला, नवा खडा टाकला, पहिल्याच झटक्यात ठिणगी.

खरी भानगड गॅसची. आत बुटेन दाबाखाली द्रवरूपात असतं आणि त्याला अडवून धरतात रबराच्या छोट्या रिंगा. रबर म्हातारं झालं की कडक होतं, चिरतं. गळती तपासायला लायटर पाण्यात बुडवू नका, लाखेचं काम असेल तर अजिबात नको. मी अंगणात थोडा गॅस भरला, मित्राच्या सराफी दुकानातल्या काट्यावर वजन केलं, रात्रभर गच्चीवर उघड्यावर ठेवला आणि सकाळी परत वजन केलं. अर्ध्या ग्रॅमहून जास्त कमी! साबणाचं पाणी लावलं तर गॅस भरायच्या व्हॉल्व्हपाशी बुडबुडे.

मग एकाने सुचवलं, "सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा बसव, चालतंय." नाही चालत. ते नैसर्गिक रबर असतं, बुटेनसारख्या हायड्रोकार्बनमध्ये फुगतं. इथे नायट्राइल रबर लागतं, तेही अचूक मापाचं. गॅस भरायच्या नळीचं तोंडही मॉडेलनुसार बदलतं, ड्युपाँच्या डब्यांवर त्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या खुणा असतात. भलतंच तोंड जोरात दाबलं तर धड असलेला व्हॉल्व्हही जातो.

कंपनीकडे पाठवायचा पर्याय आहे. पण गॅस भरलेला लायटर म्हणजे वाहतुकीच्या नियमांत धोकादायक माल. तो पूर्ण रिकामा करूनच आणि आधी विचारूनच पाठवावा लागतो. शिवाय जुन्या लायटरचे सगळे भाग पूर्ण बदलले, चकचकीत पॉलिश केलं, तर आजोबांच्या अंगठ्याने झिजलेली ती कडही जाणार. मला तीच हवी होती.

आता सोलापूरचा उन्हाळा धरा. २० अंशाला बुटेनचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण दुप्पट असतो, ४० अंशाला पावणेचार पटीच्या आसपास. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. आणि गळका लायटर राहणार कुठे, तर आजीच्या देवघराशेजारच्या कपाटात, जिथे सकाळ-संध्याकाळ निरांजन लागतं.

रोज वापरणारा माणूस घरात असता तर मी रिंगा बदलून घेतल्या असत्या, खर्च झाला तरी. तुमच्याकडे असा लायटर असेल आणि तो वापरायचा असेल तर अर्धवट काम करू नका. आमच्याकडे वापरणारं कुणी नाही. म्हणून गॅस अंगणात पूर्ण सोडून दिला, बिजागरीतली घाण साफ केली, नवा खडा राहू दिला.

आजीच्या हातात दिला. तिने चाकाला हातही लावला नाही. अंगठ्याने झाकण उघडलं, तो टणकन् आवाज झाला, ड्युपाँ त्या आवाजासाठी प्रसिद्ध आहे. मग बंद केलं, परत उघडलं. "हाच," म्हणाली. "हा वाजला की कळायचं, हे गच्चीवर आहेत."

त्या आवाजाला गॅस लागत नाही, हे मी पहिल्याच दिवशी तिला विचारलं असतं तर कळलं असतं. विकायचा विषय बाबांनी अजून सोडलेला नाही.