धावून कमावलेले परत खायचे का?

भंडाऱ्यात पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली पहाटे धावतात. मोबाईल सांगतो, '५०० कॅलरी खर्च झाल्या.' वजन कमी करायचे असेल, तर तेवढे परत खावे का?

हिशेब साधा आहे. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलोचा तरुण ५ किलोमीटर धावला, तर सुमारे ३५०. मोबाईलचा आकडा अनेकदा फुगलेला असतो. दोन समोशांत सगळी मेहनत फिटते. म्हणून फार तर निम्मे परत खावे, तेही चणे, अंडी, वरण यांतून. रोजच्या आहारात धावणे आधीच धरले असेल, तर वेगळे काही नको.

पण उपाशी धावणेही चूकच. ताकद जाते, चक्कर येते, भरतीची संधी हुकते. वजन झपाट्याने उतरत असेल आणि थकवा येत असेल, तर खाणे वाढवा.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी खूप जेवून धापा टाकत येतो. तथागत त्याला उपवास सांगत नाहीत; भोजनाची मात्रा ओळखायला सांगतात. राजा हळूहळू भात कमी करतो आणि सडपातळ होतो. भात पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याने ही मात्रा ताटात आणावी.

जय भीम, नमो बुद्धाय.