गॅरेजचे दार अडले. दोष मोटरचा की स्प्रिंगचा?

अमेरिकेच्या उपनगरांत घरात शिरण्याची नेहमीची वाट म्हणजे गॅरेज. मोटारीतूनच रिमोटचे बटण दाबले की दार वर सरकते. एखाद्या दिवशी ते अर्ध्यावर अडते आणि घरात चर्चा सुरू होते, दार उघडणारे यंत्र दुरुस्त करावे की नवे आणावे? मुलांकडे मुक्कामाला गेलेले आपल्याकडचे आई-वडीलही तीत ओढले जातात.

बहुतेक वेळा दोष भलत्याच्याच माथी जातो. दाराचे वजन मोटर पेलत नाही, ते स्प्रिंग तोलून धरतात. साधारण स्प्रिंग १० हजार उघडझापींसाठी बनविलेली असते. दिवसाला चार उघडझापी धरल्या तर सुमारे सात वर्षे. याची परीक्षा घरीच करता येते. दार बंद असताना लाल दोरी ओढून ते यंत्रापासून मोकळे करावे व हाताने कमरेपर्यंत उचलावे. ते तेथेच थांबले तर तोल ठीक आहे. जड लागले किंवा घसरू लागले, तर नवी मोटर आणणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! स्प्रिंगला मात्र स्वतः हात लावू नये. तिच्यातील ताण जीवघेणा ठरू शकतो, ते काम कारागिराचेच.

खाली येणारे दार मध्येच परतत असेल, तर तळाशी दोन्ही बाजूंना असलेले सेन्सर पुसून समोरासमोर आणावेत. त्याला खर्च काहीच नाही. मोटर फिरते, पण दार हलत नाही, अशा वेळी अनेकदा आतील प्लास्टिकचे दातेरी चाक झिजलेले असते. तेवढे बदलता येते.

यंत्रात सेन्सरच नसतील, तर मात्र दुरुस्तीचा विचार सोडावा. दाराखाली सापडून मुलांचे जीव गेल्यानंतर अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना अशी सुरक्षा सक्तीची झाली. त्याआधीचे यंत्र उत्तम चालत असले, तरी ते काढलेलेच बरे. कॅलिफोर्नियात आणखी एक अट आहे. २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्याने काहींना गॅरेजची दारे उघडता आली नाहीत. त्यामुळे १ जुलै २०१९ पासून तेथे नव्या यंत्राला बॅटरी आवश्यक आहे.

यंत्र नवे असो वा दुरुस्त केलेले, दाराखाली दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवून पाहावी. फळीला टेकताच दार वर परतले नाही, तर कारागिराला पुन्हा बोलवावे.