विसरण्याची दोन कारणे

समोर घड्याळ ठेवा आणि एका मिनिटात प्राण्यांची जितकी नावे आठवतील तितकी म्हणा. मित्राला मोजायला सांगा. मन उदास असेल किंवा रात्री झोप झाली नसेल, अशा दिवशी हाच प्रयोग पुन्हा करा. आकडा बहुधा घसरेल. म्हणजे तुमचा मेंदू बिघडला काय? मुळीच नाही! मग घसरलेल्या आकड्यावरून अनुमान काय काढायचे?

एच.आय.व्ही.चा संसर्ग झालेल्या व्यक्तींची तपासणी करताना डॉक्टरांनाही हाच प्रश्न पडतो. यांपैकी काहींचे लक्ष टिकत नाही, गोष्टी आठवत नाहीत, साध्या हिशेबाला वेळ लागतो. असे का होते?

पहिले कारण विषाणूचे. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट विणीच्या असतात. रक्तातील वाटेल तो पदार्थ त्यांतून पलीकडे जाऊ शकत नाही. मात्र काही पांढऱ्या पेशींना तेथे प्रवेश असतो. वेषांतर करून गडात शिरणाऱ्या हेराप्रमाणे हा विषाणू त्या पेशींत लपून आत जातो. विशेष हे, की तो चेतापेशींना सहसा गाठत नाही. तो गाठतो मेंदूतील रक्षक पेशींना, म्हणजे मायक्रोग्लियांना. या पेशी मग दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात. त्यामुळे चेतापेशींना आणि त्यांच्यामधील जोडण्यांना इजा होते व विचार मंदावतो.

दुसरे कारण मनाचे. या व्यक्तींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळते. आजाराची काळजी, लोकांची भीती, गुपित सांभाळण्याचा ताण! उदास माणसाच्या कानांवर शब्द पडतात, पण ते मनात नीट साठत नाहीत. मग ते आठवणार कसे?

प्रयोगशाळेत आपण वाचन घेण्यापूर्वी उपकरणाचा शून्यदोष तपासतो. येथेही तेच करावे लागते. वय, शिक्षण आणि भाषा यांनुसार गुण बदलतात. परदेशातील मोजपट्टी येथे जशीच्या तशी चालत नाही. म्हणून पुण्याजवळ भोसरी येथील तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील संशोधकांनी संसर्ग असलेल्या आणि नसलेल्या स्थानिक लोकांच्या चाचण्यांची तुलना केली. शिवाय उपचारांपूर्वी आणि वर्षभराच्या उपचारांनंतरही चाचण्या घेतल्या.

उपाय दोन्ही कारणांवर आहेत. १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हापासून बुद्धीचा गंभीर ऱ्हास विरळा झाला. सौम्य मंदपणा मात्र काहींमध्ये उरतो. भारतात ही औषधे सरकारी रुग्णालयांतून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. आपल्या कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयातही असे उपचार केंद्र आहे. नैराश्यही समुपदेशनाने आणि औषधांनी बरे होऊ शकते. म्हणूनच 'विषाणूमुळे असे होणारच' असे म्हणून ते दुर्लक्षित ठेवता कामा नये.

आता आपले काम. एका बाकावर बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने किंवा स्पर्शाने हा संसर्ग होत नाही. २०१७ च्या कायद्याने शिक्षणातही असा भेदभाव करण्यास मनाई केली आहे. वर्गातील एखादा सोबती गप्प राहू लागला, पाठांतरात मागे पडू लागला, तर त्याला 'ढ' म्हणण्यापूर्वी आपला प्रयोग आठवा. त्याचे कारण काहीही असू शकेल, आणि ते खोदून विचारण्याची गरजही नाही. त्याला खेळायला बोलवा, चुकलेला धडा समजावून द्या. विषाणूला औषधे आवरतील. एकटेपणा घालवणे मात्र आपल्या हाती आहे.