उडी कोणाच्या पदरी?

मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि त्या यात्रेतील गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. गोरखगडाला निघालेल्यांना मात्र ते देहरीच्या वाटेवरचे गाव म्हणून ठाऊक असते. त्या गडाच्या खडकात खोदलेल्या उभ्या पायऱ्या शहरातला पाहुणा जीव मुठीत धरून चढतो. पायथ्याचा पोर त्याच पायऱ्या गप्पा मारीत चढून जातो. या चपळाईला आपण क्रीडा म्हणत नाही, कारण तिला गुण देणारा पंच नाही.

फ्रान्समध्ये अशाच चपळाईला ‘पार्कूर’ हे नाव मिळाले. भिंत, कठडा, खंदक जे आडवे येईल ते केवळ हातापायांच्या बळावर ओलांडून पुढे जावयाचे. जॉर्ज एबेर या नौदल अधिकाऱ्याच्या व्यायामपद्धतीचा वारसा घेऊन पॅरिसजवळच्या लीस गावात दाविद बेल व त्याच्या सवंगड्यांनी या कलेला रूप दिले. चढाओढ नको, असा यातील पुष्कळांचा आग्रह होता. तरीही २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने तिला आपल्या छत्राखाली घेतले. निषेध झाले, आणि २०२२ मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धाही झाली.

निषेध करणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हे. ज्या कलेला काहीच साधन लागत नव्हते, तिच्यासाठी आता मुद्दाम बांधलेले अडथळे, घड्याळ आणि महासंघ लागतो. परंतु पोटापाण्याचा प्रश्न सुटलेल्यांनाच असा विरक्तपणा परवडतो! आपल्या मल्लखांबाचे पाहा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे जीवन दिले; पुढे शतकाहून अधिक काळ तो व्यायामशाळांच्या निष्ठेवर जगला. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि २०२० मध्ये खेळाडूंच्या केंद्रीय नोकरभरतीसाठी ग्राह्य खेळांच्या यादीत त्याचे नाव आले. प्रमाणपत्राची किंमत काय असते, हे कारकुनाला कोणी सांगावयास नको.

ते प्रमाणपत्र गोरखगडाच्या पायथ्याशी पोहोचते का, हा खरा प्रश्न. पार्कूरचे अडथळे उभारणे इकडच्या शाळांच्या आवाक्याबाहेरचे आहे. मल्लखांबाचे तसे नाही. मुरबाड-शहापुरात साग उदंड आहे (तो तोडावयास परवानगी लागते, हे निराळे). खांब पुरता येईल. त्यावर मुलांना चढवणारा, पडताना झेलणारा आणि तालुक्याच्या स्पर्धेचा अर्ज मुदतीत भरणारा शिक्षक मात्र त्याच शाळेत असावयास हवा.