रोज दोन गोळ्या, वर्षाला 1 कोटी 41 लाख

2011च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या 75 हजारांवर आणि डिचोलीची 97 हजारांवर होती. गोव्यात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण त्या वेळी 11.2 टक्के होतं. तेच प्रमाण या दोन तालुक्यांना लावलं, तर ज्येष्ठांची संख्या येते साधारण 19,400. आता प्रत्येकाच्या वाट्याला रोज दोनच गोळ्या धरू, एक रक्तदाबाची आणि एक साखरेची. दिवसाला 38,800 गोळ्या झाल्या. वर्षाला 1 कोटी 41 लाख.

एक गोळी एक सेंटिमीटर रुंद धरून या सगळ्या एका ओळीत मांडल्या, तर ओळ 141 किलोमीटरची होईल. पेडण्यातल्या पत्रादेवीपासून काणकोणातल्या पोळ्यापर्यंतचा गोव्यातला राष्ट्रीय महामार्ग सुमारे 139 किलोमीटरचा. म्हणजे दोन तालुक्यांतल्या म्हाताऱ्यांच्या वर्षभराच्या गोळ्या अख्खा गोवा ओलांडून कर्नाटकात शिरतील.

दोन गोळ्यांचा हिशोबही हात राखूनच केलेला आहे. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण देशात 11.4 टक्के निघालं, तर गोव्यात 26.4 टक्के. सगळ्या राज्यांत सर्वाधिक. चार प्रौढांमागे एकाहून जास्त जणांना साखर. तिच्या सोबतीला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गुडघे, थायरॉइड आलं की दोनाच्या पाच गोळ्या व्हायला वेळ लागत नाही.

या गोळ्यांचे पैसे कोण देतं?

विम्याचे आकडे ऐकायला मोठे आहेत. 2016 साली सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच देते. सप्टेंबर 2024मध्ये केंद्राने सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण मंजूर केलं. अँजिओप्लास्टी करायची वेळ आली, तर या योजना घर वाचवतात, हे खरंच आहे. पण त्या उचलतात तो इस्पितळातल्या खाटेचा खर्च. आयुष्मानमध्ये इस्पितळातून घरी सोडल्यावर 15 दिवसांची औषधं धरलेली आहेत. सोळाव्या दिवसापासून गोळी ज्याची त्याने घ्यायची.

महिन्याला दीड हजाराची औषधं लागतात असं धरा. वर्षाला 18,000, वीस वर्षांत 3 लाख 60 हजार. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठाला महिन्याला मिळतात 2,000 रुपये. त्यातले दीड हजार फार्मसीत गेले की उरलेल्या पाचशेत महिना काढायचा.

मग माणूस काटकसर करतो ती गोळीतच. ‘पाच दिवसांच्या द्या,’ असं काउंटरवर सांगतो. फार्मसीवाला कात्रीने पट्टी कापतो, आणि संपायची तारीख बरेचदा पट्टीच्या दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते. पुढच्या पाच दिवसांचे पैसे जमेपर्यंत रक्तदाब थांबत नाही.

आरोग्य केंद्रांत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मोफत मिळतात, हा गोव्यातल्या गरिबांचा मोठा आधार. पण डॉक्टरने लिहिलेली गोळी त्या दिवशी खिडकीवर नसली, तर पावलं फार्मसीकडेच वळतात. अपंगांची कथा आणखी बिकट. 2011च्या गणनेत गोव्यात 33,012 अपंग होते. बाह्यरुग्ण औषधांचा खर्च खरोखर धरणारी ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची केंद्रीय विमा योजना आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चारच गटांना. दृष्टी गेलेल्याला किंवा पाय गमावलेल्याला तिचं दार बंद.

रोजच्या गोळीचा विमा जगात अशक्य मानला गेलेला नाही. अमेरिकेने 1 जानेवारी 2006पासून 65 वर्षांवरील आणि अपंग नागरिकांसाठी मेडिकेअरमध्ये औषधांचा स्वतंत्र विमा आणला. आज त्यात पाच कोटींहून जास्त लोक आहेत, आणि 2025 या वर्षासाठी विम्यात बसणाऱ्या औषधांपायी रुग्णाच्या खिशातून वर्षाला 2,000 डॉलरपेक्षा जास्त जाणार नाहीत अशी मर्यादा घातली गेली.

गोव्याला हे परवडेल का? सगळ्या राज्यातले ज्येष्ठ 2011च्या हिशोबाने 1 लाख 63 हजार. रोज दोन गोळ्या म्हणजे वर्षाला सुमारे 12 कोटी. गोळीमागे पाच रुपये मोजले तरी 60 कोटी. राज्याचा 2025-26चा अर्थसंकल्प 28 हजार कोटींवरचा. म्हणजे शंभर रुपयांतले एकवीस पैसे. तेव्हापासून ज्येष्ठ वाढले आहेत. दुप्पट धरा, बेचाळीस पैसे होतील.

झटका येऊन खाटेवर पडलेल्या माणसासाठी लाखो रुपये द्यायला आपण तयार आहोत. तो खाटेवर पडू नये म्हणून पाच रुपयांची गोळीही त्याच विम्यात बसली पाहिजे. पेडण्यातल्या आणि डिचोलीतल्या म्हाताऱ्यांनी ती मागावी आणि आपण सगळ्यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहावं.