फर्माशी चित्रकार

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात संपादकांना मानाचे पान मिळाले, लेखकांना तर ते मिळणारच होते, आणि अंक खपू लागला तेव्हा प्रकाशकांनीही त्या यशातील आपला वाटा संकोच न करता उचलला. परंतु दिवाळीच्या दिवसांत दुकानाच्या दोरीवर टांगलेल्या अंकांच्या गर्दीतून ज्याचे चित्र पाहून वाचकाने खिशात हात घातला, तो चित्रकार बहुधा अनुक्रमणिकेच्या तळाशी, बारीक टायपात, ‘सजावट’ या मोघम शब्दासमोर उभा केलेला आढळतो. तो कोणाच्याही पगारपत्रकावर नसतो. काम येईल तसे घ्यावे, मुदतीत पोचते करावे, बिल धाडावे आणि मग मोबदल्यासाठी तगादा लावीत बसावे, असा त्याचा एकंदर जमाखर्च.

या व्यवसायाची पेठ वाढविली ती दिवाळी अंकांनी. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि सचित्र वार्षिकाची चटक मराठी वाचकाला लावली. त्याच सुमारास, जे. जे. कलाशाळेत अध्यापन करणारे म. वि. धुरंधर फावल्या वेळात बाहेरची कामे इतकी करीत होते की, केवळ त्यांवरही एखाद्याचा प्रपंच चालला असता : एडवर्ड्सचे मुंबईवरील पुस्तक (१९१२), किंकेडच्या दख्खनी कहाण्या (१९१४), रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथातील रंगीत चित्रे (१९२०), शिवाय पोस्टकार्डे आणि जाहिराती. हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये मुंबईत ‘वीसमी सदी’ हे गुजराती मासिक सुरू केले, तेव्हा चित्रांवर पदरचा पैसा ओतणारा असा संपादक क्वचितच पाहावयास मिळाला असेल; धुरंधर आणि रविशंकर रावळ हे दोघेही त्यासाठी चित्रे काढीत.

गोव्याहून मुंबईस आलेल्या दीनानाथ दलालांनी (१९१६–१९७१) या फर्माशी कामाला प्रतिष्ठेचा धंदा बनविले. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता, आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा स्वतःचा अंकही. म्हणजे चित्रकाराने गिऱ्हाइकाची वाट पाहण्याऐवजी आपणच आपले गिऱ्हाईक व्हावे, ही युक्ती त्यांना साधली. त्यांचे समकालीन रघुवीर मुळगावकर हेही गोव्याचेच. मुळगावकरांची देवादिकांची चित्रे घरोघर पोचली. परंतु रेषेच्या लयीत आणि रंगांच्या धीट मांडणीत दलाल मला नेहमीच एक पायरी वर वाटत आले आहेत. अर्थात हा रुचीचा प्रश्न आहे, आणि मुळगावकरांचे चाहते तो निकाल मान्य करणार नाहीत.

या मंडळींची शैली ज्याने घडविली त्या छपाईच्या ब्लॉकविषयी कलासमीक्षक सहसा बोलत नाहीत. खिळ्यांच्या छपाईत करडा असा रंगच नसतो; कागदाला शाई लागते किंवा लागत नाही. त्यामुळे साध्या कथाचित्रासाठी लाइन ब्लॉक करीत : पांढऱ्या कार्डावर काळ्याभोर शाईने, छापावयाच्या आकाराच्या दीडपट-दुपटीने चित्र काढावयाचे, चुकलेली रेष पांढऱ्या रंगाने झाकावयाची, मग ब्लॉकमेकर त्याचा फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावर उतरवी आणि रेषांमधली जागा तेजाबाने खाऊन टाकी. चित्र लहान होताना रेष बारीक होते, जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि खरबरीत कागदावर शाई पसरून त्यांचा डाग बनतो. ज्याला हे ठाऊक तो चित्रकार केसांच्या बटांत पांढरी जागा राखून ठेवी, सावलीसाठी रेषांचे जाळे विणण्याऐवजी एक सपाट काळा भाग सोडी, आणि चेहऱ्याची बाह्यरेषा मध्येच तोडून उरलेले काम वाचकाच्या डोळ्यावर सोपवी. पन्नाशीच्या दशकातील मासिकांतली जी डौलदार, मोजकी रेषा आज आपण कौतुकाने पाहतो, तिच्यात प्रतिभेइतकाच या जस्ताच्या पत्र्याचाही हात आहे. रंगीत मुखपृष्ठासाठी हाफटोनचे तीन-चार ब्लॉक एकावर एक छापावे लागत. त्यांतला एक जरी केसभर सरकला तरी नायिकेच्या ओठांची लाली हनुवटीवर उतरे.

ब्लॉकनंतरची दुसरी कसोटी कथेची. वाचक चित्र आधी पाहतो आणि कथा मागून वाचतो. म्हणून कथेचा कळस चितारणारा चित्रकार लेखकाचा घात करतो. जाणता चित्रकार त्या कळसाच्या थोडे अलीकडे थांबतो : पत्र हातात आहे, अजून फोडलेले नाही. मुखपृष्ठाला तर कथेचाही आधार नसतो. अनंत अंतरकरांसारखा संपादक लाभल्यामुळे शि. द. फडणीसांना विनोदी चित्र थेट मुखपृष्ठावर नेता आले. अंतरकरांच्या ‘मोहिनी’ मासिकाच्या १९५२ च्या मुखपृष्ठावर एक तरुण, एक तरुणी, एकाच्या वस्त्रांवर मांजरे, दुसऱ्याच्या वस्त्रांवर उंदीर, आणि खाली एक अक्षरही नाही. पुढे याच हाताने बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रे काढून बेरीज-वजाबाकीची धास्ती पुष्कळ मुलांच्या मनातून घालविली. व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशाने सिमेंट कंपनीतले अभियंता. ‘ललित’ मासिकाच्या विनोदी सदरातील ठणठणपाळाला जयवंत दळवींच्या लेखणीने जन्म दिला असला, तरी त्याचे रूप आज आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते सरवट्यांचेच.

एवढे असूनही चित्रावरचा हक्क कोणाचा, हा प्रश्न विचारला की मामला बिकट होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राचा वा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, काढून घेणारा ठरतो. आणि तोंडी बोलीवर चालणाऱ्या या धंद्यात करार सहसा नसतोच. मूळ चित्र ब्लॉकमेकरकडून छापखान्यात जाई आणि तिथल्या रद्दीत जिरे. मात्र त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने कृतीवर आपले कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे ठेवला आहे, मालकी कोणाकडेही गेली तरी.

तेव्हा येत्या दिवाळीच्या अंकांची जुळणी करणाऱ्या संपादकांना विनंती एवढीच की, प्रत्येक कथेच्या शीर्षकाखाली लेखकाच्या नावाशेजारी चित्रकाराचे नाव त्याच टायपात छापावे, कामाआधी दोन ओळींचा का होईना लेखी करार करावा, आणि अंक निघाल्यावर मूळ चित्र मानधनासह त्याच्या घरी परत पाठवावे.