जुन्या डिरेक्टऱ्यांतले वऱ्हाड

पणजोबा अमरावतीला वकिली करत, किंवा अकोल्यात त्यांची सरकी-कापसाची पेढी होती, एवढेच पुष्कळ घरांत सांगितले जाते. साल, पेठ, भागीदार कुणालाच ठाऊक नसतात. मुंबई-कलकत्त्याचा माणूस अशा वेळी शहराची जुनी डिरेक्टरी उघडतो : अधिकारी, व्यापारी, डॉक्टर, वकील यांची नावे नि पत्ते देणारे, दरवर्षी निघणारे जाडजूड पुस्तक. वऱ्हाडच्या माणसाला मात्र ‘थॅकर्स इंडियन डिरेक्टरी’च्या मोफसल पानांत शिरावे लागते. ही मुळात बंगालची; १८८५ पासून साऱ्या हिंदुस्थानची झाली.

‘थॅकर्स’चे बरेच खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’च्या संकेतस्थळावर अशा डिरेक्टऱ्यांचे दुवे एकत्र मिळतात. पण बारीक छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही. शब्द टाकून शोधण्यापेक्षा गावाचे पान काढून डोळ्यांनीच वाचावे.

खरी अडचण नावांची. अमरावती तेव्हा ‘अमराओटी’, त्याआधी ‘ऊमरावट्टी’. परदेशी बाजारात वऱ्हाडी कापसाचे नावच मुळी ‘ऊमरा’ पडले होते. अचलपूर ‘एलिचपूर’ खाली, वाशीम ‘बासिम’ खाली. शिवाय १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे आला तरी नावाला निजामाचाच राहिला नि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे गेला. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला. म्हणून आधीच्या खंडांत ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ हे शीर्षकही पाहावे. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले. एलिचपूर अमरावतीत गेले, बासिम अकोल्यात.

एवढे करूनही पणजोबा सापडतीलच असे नाही. या पुस्तकांचा गिऱ्हाईक साहेब, म्हणून भर साहेबांवर, सरकारी हुद्द्यांवर, मोठ्या कंपन्यांवर. अडत्या, सराफ, कोष्टी त्यांच्या हिशेबात फारसा नसतो. अकोल्याचे १९१० चे नि अमरावतीचे १९११ चे गॅझेटिअर गावाची, बाजाराची, कारखान्यांची माहिती देते, पण घरोघरची नावे तिथेही नाहीत.

माझ्या मते वऱ्हाडची सर्वांत दुर्लक्षित नामावली वेगळीच आहे. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. काँग्रेसच्या त्या काळच्या छापील अहवालांना प्रतिनिधींची यादी जोडलेली असे, नाव, व्यवसाय, गाव यांसह. पणजोबा वकील असतील तर आधी तो अहवाल मिळवावा, ‘थॅकर्स’ मागाहून.